मराठवाड्यात घर बांधायलात? मग पैसा कुठं घालायचा आणि कुठं नाही ते आधी वाचा

आपल्याकडं घर बांधायचं ठरलं की पहिली चर्चा एलिव्हेशनची, म्हणजे घराच्या समोरच्या दिसण्याची होते. समोर काच, एसीपीची (अॅल्युमिनियमच्या चकचकीत शीटची) पट्टी, वर एलईडी, आणि पाया न् स्लॅब मात्र मिस्त्रीवर सोडून द्यायचा, "तो करतोच की वर्षाला दहा घरं". मग एप्रिल लागला की रात्री बाराला भिंतीला हात लावा, गरमच लागते, आणि सप्टेंबरात मोठा पाऊस झाला की बेडरूमच्या कोपऱ्यात ओल.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच लातूर-धाराशिव-बीडात नद्या घरात शिरल्या. दहा वर्षांच्या आत दोन्ही बघितलं. त्यामुळं आता बांधायचं घर ४३-४४ डिग्रीला, टँकरच्या उन्हाळ्याला आणि चार तासात महिन्याचा पाऊस पडला तर त्यालाही, असं तिन्हीला टिकणारं पाहिजे. माझं मत साधं आहे, बजेटमधला पहिला पैसा पाया, छत आणि पाणी ह्या तिघांवर, काच आणि टाइल्स नंतर. खाली जे सांगायलोय ते तळमजला किंवा वर एक मजला एवढ्या घरासाठी आहे, आणि सळईचं डिझाइन मात्र इंजिनिअरकडूनच घ्या, तिथं चार-पाच हजार वाचवू नका.

पहिलं काम, प्लॉट मे महिन्यात बघा

प्लॉट दाखवणारा तुम्हाला दिवाळीच्या टायमाला नेतो, सगळं हिरवंगार असतं. तुम्ही मे मध्ये परत जा. जमिनीला भेगा पडल्यात का बघा, भेगेत हात कोपरापर्यंत जातोय म्हणजे पक्की काळी आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, दरवर्षी, आणि तिच्यावर टेकवलेला पाया तिच्यासोबत वरखाली होतो. आजूबाजूच्या कंपाउंड वॉल बघा, सगळ्यात आधी त्याच फुटतात कारण त्यांचा पाया कुणी नीट घेत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर दिसली तर त्या घरमालकाशी पाच मिनिटं बोला, तो सगळं सांगेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. ले-आउट पडताना ओढे बुजवलेले असतात, नकाशावर रस्ता दिसतो पण पाण्याला त्याची जुनी वाट पाठ असते. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की मोठ्या पावसात पाणी कुठून गेलं होतं. आणि जोतं किती उंच घ्यायचं हे आजच्या रस्त्यावरून ठरवू नका, दर काही वर्षांनी नगरपालिका जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता टाकते आणि रस्ता वर येत राहतो. रस्त्यापासून निदान अडीच-तीन फूट जोतं घ्या, एक-दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागल्या तर लागू द्या, घरात म्हातारं माणूस असेल तर बाजूला रॅम्प काढा.

पाया, इथंच खरा खर्च करा

आधी एक-दोन खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बघा. बऱ्याच ठिकाणी चार ते आठ फुटात मुरूम किंवा मऊ खडक लागतो, तिथपर्यंत फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) न्यायचीच. "पाच फुटावर बी चालतंय" असं कुणी म्हणलं आणि खाली अजून काळीच दिसायलीय तर अजिबात ऐकू नका. मुरूम लई खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा मार्ग आहे, म्हणजे बोअरसारखं भोक पाडून खाली त्याला फुगवटा द्यायचा आणि त्यात सळई-काँक्रीट भरायचं. रुरकीच्या सीबीआरआय ह्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेनं हे तंत्र काळ्या मातीसाठीच बसवलंय, नवीन काही नाही, फक्त करणारा माणूस शोधावा लागतो. शंका असेल तर माती जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये द्या, फ्री स्वेल टेस्ट सांगा, माती किती फुगते ते कागदावर येतं.

आता एक जागा जिथं निम्मी घरं फसतात. पाया खोदताना निघालेली काळी माती परत जोत्यात भरतात, कारण ती तिथंच पडलेली असते आणि मुरमाच्या ट्रॉलीला पैसे पडतात. मग दोन-तीन पावसाळ्यांनी हॉलमधली फरशी मधोमध फुगते, पोकळ वाजते, आणि शिव्या टाइल्सवाल्याला. काळी उचलून बाहेर टाका, अंगणात झाडाला घाला. जोत्यात मुरूम भरा, तोही एकदम नाही, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुमसानं ठोकून मग पुढचा थर. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची काँक्रीटची तुळई, काळ्या मातीवर थेट टेकवू नका, खाली तीन-चार इंच मोकळं सोडा म्हणजे माती फुगली तरी बीमला उचलणार नाही.

घराभोवती तीन-चार फूट रुंद फरशीचा नाहीतर काँक्रीटचा पट्टा करा, बाहेर ढाळ देऊन. ह्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात आणि बहुतेक जण "नंतर बघू" म्हणून सोडतात. पायाजवळची माती वर्षभर सारख्याच ओलीची राहिली तर भेगा येत नाहीत, एवढंच त्यामागं गणित आहे. म्हणून बाथरूमचा गळका पाइप, शोषखड्डा, कूलरचं पाणी, हे सगळं पायापासून लांब. कडुनिंब लावा जरूर, पण भिंतीपासून वीस फूट तरी सोडून, मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतं.

किल्लारी विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. दगडी भिंती दोन पदरी होत्या, मधे बारीक दगड-मातीची भर, दोन पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, मातीच फूट-दोन फूट जाड, दरवर्षी थोडी थोडी टाकून वाढत गेलेली. भिंत फुगली आणि सगळं वजन खाली आलं. तेव्हापासून लोक दगडाला घाबरले आणि सगळा मराठवाडा सिमेंटच्या डब्यात राहायला गेला. पण दगडाचं घरही टिकतं जर जोत्याला, लिंटलला (दार-खिडकीच्या वर) आणि छताखाली असे तीन सलग आरसीसी बँड, म्हणजे सळई-काँक्रीटचे पट्टे असतील, कोपऱ्यात उभ्या सळया असतील आणि आरपार दगड असतील. विटांच्या घरालाही हेच लागू. लिंटल फक्त खिडकीपुरता टाकून मोकळं होणारा मिस्त्री दिसला तर थांबवा, लिंटल बँड सगळ्या भिंतींवरून फिरलाच पाहिजे. जुना वाडा ठेवायचाय तर माळवदावरची जास्तीची माती आधी उतरवा.

खोल्या कुठं टाकायच्या, वास्तुवाल्याशी थोडं भांडण

आपल्याकडं मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारी उलट थोडा उत्तरेकडंच असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळ्यात जास्त मार छतावर, मग पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतीवर, त्यातही पश्चिम वाईट कारण तोपर्यंत हवाच तापलेली असते.

म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, संडास, स्टोअर, कपाटं असं काहीतरी टाका जिथं कुणी झोपत नाही. इथं वास्तुवाला आडवा येतो, नैऋत्येला मालकाची बेडरूम पाहिजे म्हणतो, आणि नैऋत्य म्हणजे दुपारभर तापणारा कोपरा. घरातल्यांना वास्तु पाळायचीच असेल तर भांडण वाढवू नका, बेडरूम नैऋत्येलाच ठेवा पण तिच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून अटॅच बाथरूम नाहीतर भिंतभर वॉर्डरोब द्या. दोघंही खूश.

पश्चिमेच्या खिडकीवर आडवा छज्जा काही कामाचा नाही, चार वाजताचं ऊन खालून तिरपं आत येतं. तिथं उभी जाळी, बांबूची तट्टी, नाहीतर मधुमालतीचा वेल. दक्षिणेला दोन फुटाचा छज्जा पुरतो. प्रत्येक खोलीला समोरासमोर किंवा दोन वेगळ्या भिंतींना खिडक्या पाहिजेत. स्लाइडिंग खिडकी दिसायला चांगली पण निम्मीच उघडते, पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्धा, त्यापेक्षा पल्ल्याची घ्या.

जुन्या घरात माळवदाला सवणं, म्हणजे छतातलं झरोक्यासारखं भोक असायचं, धूर न् गरम हवा वरून निघून जायची. आता स्लॅबखाली गरम हवा कोंडून राहते आणि आपण तीच पंख्यानं खाली अंगावर घेतो. म्हणून छताजवळ व्हेंटिलेटर द्याच, आणि जिन्याची खोली वर नेऊन तिला वरच्या अंगाला जाळीची खिडकी ठेवा, गरम हवा तिथून आपोआप बाहेर पडते. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर खिडक्या बंद, अंधार झाला की सगळ्या उघड्या, आपल्या आज्ज्या हेच करायच्या. जागा असेल तर ढाळज नाहीतर पाच-सहा फुटाचा व्हरांडा पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या. संध्याकाळी घरातले सगळे तिथंच बसतील, हॉलमधला सोफा रिकामा राहील, बघा.

भिंती

वीट घेताना भट्टीवर स्वतः जा. दोन विटा एकमेकीवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. छातीएवढ्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर सोडा, फुटू नये. नखानं ओरखडा पडतोय तर ती कच्ची. मग एक वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती वीट नको. परळीच्या थर्मल वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेमुळं आपल्याकडं राखेच्या विटा मिळतात, भट्टीत भाजाव्या लागत नाहीत म्हणून जळण वाचतं आणि माप एकसारखं असल्यानं गिलाव्याला सिमेंट कमी लागतं, माझा कल तिकडंच. एएसी ब्लॉक (बारीक छिद्रांच्या काँक्रीटचा) हलका आहे, उष्णता लवकर आत येऊ देत नाही, पश्चिमेच्या भिंतीला मस्त, पण ब्लॉक आणि कॉलमच्या जोडावर जाळी मारल्याशिवाय गिलावा करू दिला तर तिथं रेघ पडणारच.

पैसे वाचवून थंडावा पाहिजे तर रॅट-ट्रॅप बाँड बघा. आर्किटेक्ट लॉरी बेकरनी केरळात हे गाजवलं. विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर लावायच्या, भिंत नऊ इंचीच राहते पण मधे पोकळी तयार होते, विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. मिस्त्री पहिल्यांदा "आपल्याकडं व्हत नाय" म्हणणार. त्याला आधी कंपाउंडची भिंत तशी बांधायला सांगा, हात बसला की घराची.

मातीच्या ब्लॉकचं खूळ डोक्यात असेल तर एकच सांगतो, काळ्या मातीचे करू नका. त्याला मुरमाड किंवा तांबूस माती आणि ५ ते ८ टक्के सिमेंट लागतं.

सिमेंट मात्र जपून वापरा, जगात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटमुळं होतो. पीपीसी घ्या, त्यात राख मिसळलेली असते. आणि मोठ्या खिशाच्या बढाया मारत गरज नसताना डबल सळई न् जाड बीम टाकायलेत लोक, ते डिझाइनप्रमाणंच ठेवा.

काम कधी काढायचं

पाया दसरा-दिवाळीनंतर, स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीत, असं बसवा. मार्चनंतर बोअर आटायला लागतात, टँकरच्या पाण्यावर स्लॅबची क्युरिंग कुणी नीट करत नाही. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि पीपीसीला किंवा कोरड्या गरम हवेत १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे, १४ दिवस ठेवलं तर उत्तम. पाइपनं दिवसातून दोनदा पाणी उडवणं म्हणजे क्युरिंग नव्हे, अर्धं पाणी वाफ होऊन जातं. स्लॅबवर मातीचे नाहीतर मसाल्याचे वाफे करून दोन इंच पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून संध्याकाळी भिजवा, पाणी कमी लागतं आणि काम पक्कं होतं. बोअरचं पाणी खारट असेल तर एकदा टेस्ट करा, क्लोराइड जास्त असलं तर सळई आतून गंजते. आणि काँक्रीट ओतताना "जरा पातळ करा" म्हणून मिक्सरमध्ये पाइप सोडणाऱ्यावर लक्ष ठेवायला घरचा एक माणूस उभा करा, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

छत, ह्याच्यासाठी सगळा खटाटोप

चार-पाच इंचाची उघडी स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि आपण झोपायला जातो तेव्हा ते आत सोडते. भिंती कितीही चांगल्या करा, एकमजली घरात हिच्यावर काही केलं नाही तर सगळं वाया.

नवीन घराला आधी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंट मसाल्याचा थर, दर आठ फुटाला एक इंच ढाळ. पाणी साचलं नाही तर स्लॅब गळत नाही. पाणी उतरायला एक पाइप ठेवून भागत नाही आता, साधारण ४०० चौरस फुटाला एक चार इंची पाइप धरा, कारण तासाभरात चार इंच पाऊस पडायचे दिवस आलेत. कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक करा, टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्तात पडलेला असतो, तो आणा. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत पाठवतो, काळपट सिमेंट त्यातलं बरंचसं पिऊन टाकतं. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये अशा ऊन परत पाठवणाऱ्या छतांसाठी (कूल रूफ) सरकारी धोरणच काढलं.

मोझॅकचं बजेट नसेल तर चुना. कळीचा चुना रात्रभर ड्रममध्ये भिजवा, झाकण घट्ट न लावता नुसतं वर ठेवून, आणि लेकरांना लांब ठेवा कारण भिजताना तो उकळतो. सकाळी जाड कापडातून गाळा, दुधाएवढा पातळ, त्यात फेविकॉल टाका. काही लोक मीठ टाकतात, स्लॅबवर नको, सळईला बरं नाही. छत झाडून, शेवाळ ब्रशनं घासून, किंचित ओलं करून संध्याकाळी मारा, पहिला हात लांबीनं, दुसरा रुंदीनं, आणि वाळला की तिसरा. डोळ्याला गॉगल, हाताला ग्लोव्ह्ज. एक-दोन पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दर फेब्रुवारी-मार्चला परत मारायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या न मारलेल्या स्लॅबवर आणि तुमच्या स्लॅबवर अनवाणी उभं राहून बघा, फरक पायालाच कळतो.

पत्र्याचं घर असेल तर पत्र्याला पांढरा रंग आणि खाली फूटभर मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्टीचं किंवा बोर्डाचं सिलिंग, दोन्ही टोकाला त्या पोकळीतून हवा निघायला जाळी. वर कडबा, तुराट्या टाकतात ते थंड राहतं खरं, पण ठिणगी पडली तर घर जातं, मी सांगणार नाही.

सोलर बसवणार असाल तर पॅनल छतापासून फूटभर उंच घ्या, खालून वारा खेळला की छताला सावलीही मिळते आणि पॅनलही कमी तापतं. पॅनल जास्त तापलं की वीज कमी देतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी ठरवलेली आहे.

पावसाचं पाणी

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १००० चौरस फूट छत म्हणजे ९३ चौरस मीटर, ६५० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी वर्षाला ४८ हजार लिटर. पाच माणसांचं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी दिवसाला ४० लिटर धरा, पावसाळा संपल्यापासून आठ महिन्यांचं होतं साडेनऊ हजार लिटर. म्हणजे सात बाय सात बाय सात फुटाचा हौद बांधला की जूनपर्यंत पिण्याच्या पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नाही. एवढं करून बाकीचं पाणी वाळू-खडीच्या फिल्टरमधून बोअरला सोडा.

पहिला एक-दोन मोठा पाऊस बाहेर सोडायचा, त्यासाठी पाइपला टी टाकून खाली कॉक ठेवा. हौद झाकलेला, अंधारा, डास जाणार नाही असा. आणि हौद न् पुनर्भरणाचा खड्डा दोन्ही पायापासून लांब, हौद मुरमावरच टेकलेला आरसीसीचा. काळीत हौद पाझरायला लागला तर पाणीही जातं आणि घरालाही भेग पडते.

घर आधीच बांधून झालंय, आता काय?

आधी चुना, तो सगळ्यात स्वस्त. मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्टी, आतला पडदा फार उपयोगी नाही, काच ओलांडून ऊन आत आलेलंच असतं. मग स्लॅबखाली दोन व्हेंटिलेटर फोडून घ्या, पण बीम आणि लिंटल बँड सोडून. घराभोवतीचा पट्टा केलेला नसेल तर पावसाळ्याआधी करून टाका. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा होते, आणि मोठा कूलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो हेही धरा. एसी घ्यायचाच असेल तर हे सगळं झाल्यावर घ्या, दीड टनाच्या जागी कदाचित एक टनात भागेल.